डावीकडे चाललेली वाटी

मिऱ्याच्या रावजी तांडेलाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, त्या सकाळी मुंगी शिरायला वाव नव्हता. नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली. गलबतं अजून पुरती पाण्यात लोटली नव्हती, त्यामुळे खलाशी रिकामे होते, आणि रिकाम्या माणसाला चमत्काराइतकं गोड दुसरं काही लागत नाही. दोघे तर माडावर चढून बसले होते. "पुढच्यांनो, खाली बसा रे मेल्यांनो, वाटी दिसत नाय!" असा मागून ओरडा चालला होता.

खळ्याच्या मधोमध पाट. पाटावर भस्म पसरलेलं. भस्मावर पालथी घातलेली तांब्याची वाटी आणि वाटीच्या पाठीवर रावजीची दोन बोटं, फुलपाखरू बसावं तशी अलगद टेकलेली. पाटाच्या उजव्या टोकाला जास्वंदीचं फूल, डाव्या टोकाला कोळसा. वाटी आधी थरथरली, जागच्या जागी फिरली, मग हळूहळू डावीकडे सरकत जाऊन कोळशाला टेकली.

"नाही म्हणते!" वाटीबुवा ओरडला. "बाई नाही म्हणते!"

बायकांनी हात जोडले. रावजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि घराच्या उंबऱ्यात बसलेली त्याची मुलगी राही पांढरीफटक पडली, कारण वाटीला विचारलेला प्रश्न तिचाच होता. पोरीनं शेवटच्या वर्षासाठी लंडनला परत जावं की न जावं?

मी आप्पा वकील. माझा धंदाच संशयाचा. सख्ख्या भावानं पाऊस पडतोय म्हटलं तरी मी हात बाहेर काढून बघतो. तेव्हा ह्या बुवावर माझा संशय होताच. कुठचा कोण, कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणे गोव्याकडचा, कोणी म्हणे घाटावरचा. नाव विचारलं की म्हणायचा, "नदीला नाव असतं हो, पाण्याला कुठलं?" असलं उत्तर देणारा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की मी ओळखतो, ह्याला कोणीतरी पढवून आणलंय. इथे पढवणाराही तोच होता.

पण त्याची रीत मोठी हुशारीची. आपल्याकडे देवीला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर काम कर, डावी पडली तर थांब, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत. तांडेल तर कौल मिळाल्याशिवाय सुकाणूला हात लावत नाही. बुवानं तोच कौल देवळातून उचलून पाटावर आणला. वर अट अशी, की ज्याचं काम त्यानंच वाटीवर बोटं ठेवायची. बुवा स्वतः वाटीला शिवायचाच नाही. लांब माडाशी उभा राहून मंत्र पुटपुटायचा आणि वर हात झटकून दाखवायचा. "मी कोण? मी नुसता पोष्टमन! पत्र वाचलं का मी? फोडलं का मी? ज्याचं त्यानं घ्यावं!"

गोदूबाईनं विचारलं, सुनेला माहेरी पाठवू का? वाटी म्हणाली, पाठव. धोंडूनं विचारलं, बांध चुलतभावानंच सरकवला ना? वाटी म्हणाली, त्यानंच. जो जाई तो समाधानानं डोलत परत येई. आता सांगतो, मला वास यायला हवा होता तो इथेच. कोर्टात निम्मे लोक रडत बाहेर पडतात, मग ह्या बुवाच्या कोर्टात एकही माणूस हरत कसा नाही? पण माझा संशय भलतीकडेच धावला. मी पाट उलटा करून पाहिला. लोहचुंबक नाही. वाटीला केस नाही, दोरा नाही, मेण नाही. खालची जमीन बोटांनी चाचपली. माझं धोतर शेणानं माखलं आणि बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या.

"मिळाला का काय पुरावा, वकीलसाहेब?" बुवानं विचारलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

राहीची हकीकत अशी. रावजीची ही एकुलती एक. इथली मुलींची शाळा संपवून मुंबईत इंटर झाली आणि शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या विद्यापीठात बी.ए.ला गेली, तेही मानसशास्त्र घेऊन. मिऱ्यावर ह्या विषयाची भारी चेष्टा झाली. "मन शिकायला लंडनला? अगो, आमच्या सासवा फुकट शिकवतात," असं बायका म्हणायच्या. पण तिची आई सोनूबाई खमकी होती. साऱ्या वाडीशी भांडून तिनं पोरीला पाठवलंन. दोन वर्षं सरली. मधल्या हिवाळ्यात सोनूबाई तापानं गेली, पोरीला तोंडही दिसलं नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत राही आगबोटीनं मुंबईला उतरली, आणि पावसात इकडचं बंदर बंद म्हणून कोल्हापूरवरून मोटारीनं पालीच्या वाटेनं घरी आली. आता परत जायची वेळ झाली होती. सत्र सुरू होताना हजर नाही झाली तर नाव कमी होणार आणि पदवी कायमची हातची जाणार. आणि नेमक्या ह्याच वेळी बुवानं सांगितलं, की वाटीत देवी नव्हे, खुद्द सोनूबाई येऊन बोलते.

"ऐकलंस ना बाये?" रावजी डोळे पुसत म्हणाला. "तुझ्या आयशीनंच नको म्हटलंन. आता मी काय करू?"

राही उठून आत गेली.

दुपारी ती माझ्या घरी आली. मी तिला बसवलं, पण खरं सांगायचं तर माझा तिच्यावरही विश्वास नव्हता. मानसशास्त्र म्हणजे काय, हे मला कोणी धड सांगितलंच नव्हतं. म्हटलं, हाही एक साहेबी बुवाच नसेल कशावरून?

"काय गो, तिकडे मनाचं वजन करतात काय?" मी विचारलं.

"वजन नाही करत, आप्पा. पण हाताचा कंप मोजतो." ती हसली नाही. "कागदाला काजळी धरतात, तो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळतात आणि बोटाला सुई बांधतात. माणूस म्हणतो, माझा हात अगदी स्थिर आहे. आणि सुई कागदावर लाटा काढत असते."

"बरं, मग?"

"मी राहते त्या घराच्या मालकीणबाई दर रविवारी मैत्रिणी जमवतात. तिवईभोवती बसतात, तिच्यावर बोटं ठेवतात. तिवई हलते आणि लढाईत मेलेला त्यांचा मुलगा बोलतो."

"साहेबाच्या देशात?" मी उडालोच.

"दुःख काय आपल्याकडेच असतं, आप्पा?" तिनं विचारलं. "त्या बाईंना हसायचं धाडस मला कधी झालं नाही. पण आज सकाळी माझी आई माझ्याविरुद्ध बोलली! माझी आई! जिनं मला पाठवलं ती! हे मी ऐकून घेणार नाही."

"मग युक्ती काय आहे त्या बुवाची? मी तर पाटाखाली जाऊन आलो."

"तुम्ही खाली शोधलंत, तिथेच चुकलं," ती म्हणाली. "जास्त काही मागत नाही. उद्या बुवा जेवायला येणार आहे आमच्याकडे, आईच्या नावाची शांत करायला. तुम्ही त्याला एवढंच चारचौघांत कबूल करायला लावा, की वाटी बाबा हलवत नाहीत. बाकी मी बघते."

मी म्हटलं, पोरीनं युक्ती सांगितली नाही म्हणजे हिला ठाऊकच नसावी. तरीही गेलो. जिथे भांडण तिथे वकील, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी गर्दी अजून वाढली होती. घरातून वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटला होता आणि बुवाचं लक्ष मंत्रापेक्षा तिकडेच जास्त होतं. मी पुढे झालो.

"बुवा, मला एक कळत नाही. वाटी हलवतं कोण?"

"ती हलवते! जी गेली ती!"

"रावजी नाही?"

"रावजी बिचारा काय हलवणार? त्याची बोटं नुसती टेकायला!"

"म्हणजे रावजीच्या ताकदीचा, रावजीच्या अकलेचा वाटीशी काही संबंध नाही?"

"छट्! तिळमात्र नाही!"

"मग त्याच्या डोळ्यांची तरी काय गरज? डोळे बांधले तर चालेल?"

बुवा गडबडला. "डोळे... भक्ताची दृष्टी... तेज..."

"सोनूबाईला फूल आणि कोळसा तिच्या तिला दिसत नाही का?" मी आवाज चढवला. "नवऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात का?"

"बरोबर बोलतायत वकील!" धोंडू मागून ओरडला. "बांधा डोळे! तिला सगळां दिसतां!" सगळे हो हो म्हणाले. त्यांना बुवाची परीक्षा नको होती, अजून मोठा चमत्कार हवा होता. बुवाला मान डोलवावी लागली.

राहीनं बापाच्या डोळ्यांवर त्याचंच उपरणं बांधलं. भोवतालच्या लोकांना ओठांवर बोट ठेवून खूण केली. रावजीनं बोटं टेकली. वाटी थरथरली, फिरली आणि सरळ डावीकडे कोळशाला जाऊन भिडली. लोकांनी जयजयकार केला. माडाशी उभ्या बुवानं छाती फुगवली. माझं तोंड कडू झालं. म्हटलं, घ्या, ह्या लंडनवालीनं माझी आणखी अब्रू घालवली.

"पुन्हा एकदा, बाबा," राही शांतपणे म्हणाली. "हात वर घ्या."

तिनं वाटी मधोमध आणून ठेवली. मग सगळ्यांच्या देखत, आवाज न करता, डावीकडचा कोळसा उचलून उजवीकडे ठेवला आणि उजवीकडचं फूल डावीकडे. एवढंच. रावजीनं पुन्हा बोटं टेकली. बुवाचा मंत्र मध्येच तुटला.

वाटी निघाली. आधीसारखीच थरथरत, आधीसारखीच फिरत, आधीसारखीच डावीकडे. आणि फुलावर जाऊन थांबली.

गोदूबाईच्या तोंडातून "अगो बाय माझे!" निसटलंच.

"झालां?" डोळे बांधलेल्या रावजीनं विचारलं. "कोळसाच ना?"

राहीनं उपरणं सोडलं. रावजीनं खाली बघितलं. बोटांखाली वाटी, वाटीखाली चेंगरलेलं लाल फूल.

बुवा मात्र कसलेला. एका उडीत पुढे आला. "आनंद! आनंद! बाईचं मन वळलं! अनुज्ञा मिळाली! जा पोरी, खुशाल जा विलायतेला!"

लोक पुन्हा डोलायला लागले. मी राहीच्या कानाशी लागलो. "पोरी, निकाल तुझ्या बाजूनं लागलाय. गप पदरात पाड आणि चालती हो. जिंकलेल्या खटल्यात वकील तोंड उघडत नाही."

"नको," ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला ही परवानगी नको. कालचं 'नाही' खोटं होतं, तसंच आजचं 'हो' पण खोटं आहे. वाटीला फूल कळत नाही, कोळसाही कळत नाही. बाबांच्या मनात डावी बाजू होती, वाटी डावीकडे गेली. मी खाली काय ठेवलं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून तिलाही माहीत नव्हतं."

"चेटूक!" बुवा किंचाळला. "पोरगी विलायतेत चेटूक शिकलीय! वाटी बांधली हिनं!"

"मग तुम्ही धरा वाटी, बुवा. तुमचे डोळे मी बांधते."

"मी... मला शपथ आहे! गुरूची!"

"असेलच," मी म्हटलं. "पोष्टमनला पत्रपेटीला हात लावायची शपथ!" आता हशा बुवावर फिरला. त्याला पुरतं ठाऊक होतं, वाटी कशानं चालते ते. म्हणून तर जन्मात त्यानं तिला बोट लावलं नव्हतं. माणसाच्या मनात असेल तेच माणसाच्या हातानं त्याला परत द्यायचं आणि वर देवाचं नाव सांगून जेवायचं! म्हणूनच त्याच्याकडून कोणी हरून जात नव्हतं.

पण रावजी उठला होता, आणि तो संतापला होता. बुवावर नव्हे, मुलीवर.

"म्हणजे मी खोटा? मी ढकललं वाटीला? तुझ्या आयशीची शपथ घेऊन सांगतो, माझ्या बोटांत जोर नव्हता!"

"माहीत आहे मला, बाबा. तुम्ही खोटं बोलत नाही."

"मग?"

राही माझ्याकडे वळली. "आप्पा, तुमची जानव्याची किल्ली द्या."

तिनं देवाच्या हारातला दोरा काढून किल्ली त्याला बांधली आणि दोरा माझ्या चिमटीत दिला. हात ताठ धरा म्हणाली. मी धरला, दगडासारखा. "आता हलवू नका. मनात फक्त आणा, की किल्ली समुद्राकडून घराकडे झोके घेतेय."

"मी हलवणार नाही हं, आधीच सांगून ठेवतो," मी म्हटलं. माझ्यासारख्या संशयी माणसाचा हात कोण हलवणार! आणि अहो, किल्ली हलायला लागली. आधी जरा, मग चांगली समुद्राकडे, घराकडे, समुद्राकडे, घराकडे. मी डोळे फाडून माझ्याच बोटांकडे बघत होतो. ती जागची हलत नव्हती! "आता गोल," राही म्हणाली, आणि थोड्या वेळानं किल्ली गोल फिरायला लागली. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, पण माझा हात माझ्या पाठीमागे साक्ष देत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

"आप्पांनी हलवली का?" राहीनं लोकांना विचारलं. "त्यांनीच हलवली. पण त्यांना कळलं का? नाही. आपण जे मनात धरतो, ज्याची वाट बघतो, ज्याला भितो, त्याच्याकडे हात किंचित झुकतो. इतका किंचित, की आपल्यालाही पत्ता लागत नाही. भस्मावरच्या गुळगुळीत वाटीला तेवढं पुरतं. लंडनमध्ये तिवई हलते ती अशीच. यात लबाडी हाताची नाही. लबाडी त्याची, जो हे ओळखून मेलेल्या माणसाचं नाव घेतो."

बुवा कधी सटकला ते कोणी पाहिलं नाही. जेवणसुद्धा सोडून गेला. त्याच्यावर फिर्याद ठोकायला माझे हात शिवशिवत होते, पण कलम कुठलं लावू? वाटीला त्यानं हात लावला नव्हता, वचन लिहून दिलं नव्हतं. हात ज्याचा त्याचाच!

रावजी पाटाशी खाली बसला. बराच वेळ भस्मातल्या दोन वाटांकडे बघत राहिला. दोन्ही डावीकडेच गेलेल्या. शेवटी बोलला तेव्हा आवाज इतका खाली होता की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"तर मग तुझी आई नाय म्हणाली नव्हती."

"नाही, बाबा."

"ती नसतीच म्हणाली." त्यानं मान हलवली. "मीच म्हणालो. बाजारात सगळ्यांना सांगत फिरतो, माझी राही लंडनला शिकते. आणि घरात आलो की... मी कोचीपर्यंत गलबत नेलंय गो, वादळात शीड फाटलंय, पण ह्या घरात एकट्यानं जेवायला बसायची भीती वाटते मला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "जाऊ नको. हे मी सांगतोय. देव नाय, तुझी आई नाय. मी."

इतका वेळ दगडासारखी उभी असलेली राही ओक्साबोक्शी रडायला लागली. बापाशेजारी भस्मातच बसली.

"हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, बाबा? वाटीशी मी काय बोलणार होते? आईशी तरी कसं भांडणार होते? तुमच्याशी भांडता येतं मला."

"मग भांड."

"मी जाणार. शेवटचं वर्ष आहे, ते मी सोडणार नाही. आणि तुमचं जेवण घशाखाली उतरत नसेल हे ठाऊक असून जाणार, म्हणून रडत जाणार. पण जाणार."

गोदूबाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "एकटा कशाला जेवतंस रे रावजी? आमच्याकडे यायला काय पाय मोडलेत?" रावजी उठून आत गेला आणि राहीची ट्रंक बाहेर आणून, तिच्या बिजागऱ्या गंजल्यात का ते बघायला लागला.

आता मंडळी, मला शहाणपण शिकवायचा कंटाळा आहे, पण एवढं बोलल्याशिवाय राहवत नाही. वाटी चालली, तिवई हलली, नारळ फिरला, की आधी विचारा, बोटं कोणाची आहेत? ती ज्याची असतील त्याला अंधारात ठेवा, खालचं फूल-कोळसा बदला, आणि बघा देवाला कळतं का. लागत नाही ह्याला लंडनची पदवी. लागतं ते एवढंच, की निकाल आपल्या मनासारखा लागला तरी तो तपासायची हिंमत. माझ्यात ती नव्हती. मी तिला गप पदरात पाड म्हणालो होतो. आणि जे आपल्याला सांगायचंय ते देवाच्या, भुताच्या, मेलेल्या आईच्या तोंडी घालू नका. माणसाच्या शब्दाला उत्तर देता येतं. देवाच्या नावानं सांगितलेल्या खोट्यापुढे माणूस मुका होतो, आणि त्यात घरंच्या घरं बसतात.

बंदर उघडलं तशी राही मुंबईच्या आगबोटीनं गेली. इथल्या मांडवीच्या धक्क्यावर रावजी, तिला आगबोटीकडे नेणारी होडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या खलाशानं त्याला विचारलं, "तांडेल, एवढ्या लांबच्या सफरीला धाडलंस पोरीला. कौल कोणाचा घेतलास?"

"कोणाचा नाय," रावजी म्हणाला. "तिनं मला तोंडावर सांगितलंन, जाणार म्हणून. माझं मन नव्हतं. तरी मी हो म्हटलं."